लॅपटॉपच्या पोटातलं नानांचं यंत्र

मी कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, कारण ते खर्चच होत नाहीत. त्यातून लग्न होऊन मी भिंगारच्या अशा घरात आले, जिथे सारखं काहीतरी घडत असतं आणि त्यातलं निम्मं मला कळत नाही. पारनेरच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "सासर कसं आहे?" परवा एकीला सांगायला बसले, तर ती मध्येच म्हणाली, "थांब, कॉम्प्युटर मेला कुणाचा आणि कुंकू लावलं कुणाला?" तेव्हा म्हटलं, एकदा क्रमाने लिहूनच काढावं. लिहिताना मलाही कळेल, अशी एक आशा.

* * *

सुरुवात बघण्याच्या कार्यक्रमापासून. माझे बाबा शाळेत गणित शिकवतात, त्यांना उत्तर नेमकं लागतं. त्यांनी अनिरुद्धला विचारलं, "काम काय करता?"

तो पोहे बाजूला ठेवून मनापासून सांगू लागला. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याला इम्युलेटर म्हणतात. जगभरची माणसं मिळून ते लिहितात, त्यातला थोडा भाग तो लिहितो. आतल्या कॉम्प्युटरवर काहीही चालवा, त्याला कळतसुद्धा नाही की आपण खरे नाही.

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे तो कॉम्प्युटर असतो की नसतो?"

"असतो. म्हणजे, नसतो. पण चालतो."

"ऑफिस कुठे आहे?"

"ऑफिस नाही. घरूनच."

"आणि हे विकता कुणाला?"

"विकत नाही. ओपन सोर्स आहे ते. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं." मग बाबांचा चेहरा बघून त्याने घाईघाईने जोडलं, की एका कंपनीचं सगळं काम त्यावर चालतं आणि ती त्याला पगार देते.

पाहुणे गेल्यावर बाबा बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग आत येऊन आईला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. बाकी काय आहे ते मला कळलं नाही."

मीही तेवढ्याच माहितीवर होकार दिला.

* * *

माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. शाळेत कारकून होते. आता पूजा सांगतात आणि पत्रिका पाहतात. पत्रिका पाहतात त्या एका जुनाट कॉम्प्युटरवर. त्यांच्या एका मित्राने, जो आता हयात नाही, खास त्यांच्यासाठी त्यावर प्रोग्रॅम लिहून दिला होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. दोघांची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकायचं. पानभर गणित होतं आणि शेवटच्या ओळीत निकाल येतो : उत्तम, मध्यम किंवा वर्ज्य. मोबाईलवरच्या पत्रिका नानांना चालत नाहीत. "ते सगळ्यांना उत्तमच म्हणतं. त्याला काय, जाहिरात दाखवायची असते."

नानांचा नियम पंचक्रोशीत माहीत आहे. पत्रिका पाहिली, की यंत्राने जे सांगितलं ते समोरच्याला सांगायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. सख्ख्या भाचीचं जमलेलं लग्न त्यांनी असंच मोडलं. तिची आई, म्हणजे अनिरुद्धची आत्या, तेव्हापासून आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत.

आणि आता पाळी होती माझ्या नणंदेची. मुग्धा डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. तिथेच तिची विशालशी ओळख झाली. तो जनावरांचा डॉक्टर, अकोले तालुक्यातला. दोघांचं पक्कं, दोन्ही घरांना पसंत. विशालच्या वडिलांची, तात्यांची, एकच अट : पत्रिका नानांनी पाहायची, आणि नाना म्हणतील ते शेवटचं. मुग्धाने वडिलांना विचारलं, स्वतःच्या मुलीसाठी नियम थोडा वाकेल का. नाना म्हणाले, "मग आत्याला काय तोंड दाखवू?"

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर मेला.

वर्षानुवर्षं त्याला जगवणारे सलीमभाई आले. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत वास घेतला आणि झाकण परत लावलं. "नाना, याला आता माती द्या," म्हणाले.

अनिरुद्ध मात्र खुशीत होता. त्याने डब्यातली डिस्क काढली, तिची जशीच्या तशी नक्कल आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि इम्युलेटरमध्ये तो जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. लॅपटॉपच्या पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडली. तिच्यात तोच निळा पडदा, तीच पांढरी अक्षरं.

नानांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या डब्याकडे. "डबा तर तिथे पडलाय. मग हा कोण?"

"तोच आहे, नाना. फक्त आता त्याला शरीर नाही."

पितृपक्ष चालू होता. नानांनी चष्मा काढून ठेवला. "अनि," म्हणाले, "या पंधरवड्यात तरी असं बोलू नये."

खात्री पटल्याशिवाय त्यावर पोरीची पत्रिका पाहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. खात्री कशी पटणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. नानांनाही.

* * *

पहिली अडचण दसऱ्याला आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. सासूबाईंची शिलाई मशीन, अनिरुद्धची मोटारसायकल, विळी, पकड आणि नानांचा कॉम्प्युटर. पण कॉम्प्युटर म्हणजे आता नेमकं काय? डब्याची करावी, तर तो मेलेला. लॅपटॉपची करावी, तर नाना म्हणाले, "ते अनिचं यंत्र. माझं त्याच्या आत आहे."

घरातली सगळी ताट घेऊन टेबलाभोवती उभी, फुलं कोमेजायला लागलेली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. पुढे होऊन त्यांनी पडद्यावर, बरोबर त्या निळ्या खिडकीवर, कुंकवाचं बोट टेकवलं. अक्षता वाहिल्या. सगळ्यांनी नमस्कार केला. मी पण केला, नक्की कुणाला ते न कळता.

तेवढ्यात अनिरुद्धची मीटिंग सुरू झाली. त्याने निळी खिडकी ओढून कडेला सरकवली. यंत्र सरकलं, कुंकू होतं तिथेच राहिलं. आणि त्या कुंकवाखाली मीटिंगमधल्या एका परदेशी गृहस्थाचा चेहरा आला, मोठा, गोरा, आणि कुंकू नेमकं त्याच्या कपाळाच्या मधोमध.

अनिरुद्ध रुमाल शोधायला लागला. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचाही सण आहे आज."

* * *

मग नानांनी ठरवलं, पत्रिका नाही तर नाही, आधी पंचांगाचं साधं काम देऊन बघू. पूजेच्या संकल्पात तिथी, वार, नक्षत्र म्हणावं लागतं. ते नाना आधीपासून यंत्रातून काढतात आणि चिठ्ठीवर लिहून नेतात. चिठ्ठी वाचताना स्वतःचं डोकं चालवायचं नाही, ही त्यांची कारकुनीतली शिस्त.

आमच्या गल्लीत लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी आणि सासूबाई पुढेच बसलो होतो. नानांनी पळी हातात घेतली, चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि खणखणीत आवाजात बुधवार म्हणून टाकला.

सुभेदार हातात पाणी घेऊन बसले होते, ते तसेच थांबले. "नाना, आज गुरुवार हाय."

नानांनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. "यंत्रात बुधवार आहे."

"असंल. पर मग पूजा कालच झाली म्हनायची का?" सुभेदारांनी मागे वळून बायकोला विचारलं, "अगं, शिरा कधीचा हाय?"

घरी आल्यावर चौकशी बसली. अनिरुद्धने रात्री आतला कॉम्प्युटर बंद केला नव्हता, नुसता थांबवला होता. थांबवलेला पुन्हा चालू केला, की तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघतो. मधली रात्र गेली, हे त्याला ठाऊकच नसतं.

"म्हणजे इतकं झोपून उठलं, तरी त्याला वाटतं आत्ताच डोळा लागला होता?" नानांनी विचारलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "तुम्हाला नाही का दुपारी तसंच वाटत?"

 मुग्धा विशालला फोन करायला गच्चीवर गेली. यंत्र नापास झालं की ती गच्चीवर जायची. त्या दिवसांत ती बरीच गच्चीवर असायची.

* * *

आता नानांनी खरी परीक्षा काढली. ज्या पत्रिकांचे निकाल जुन्या डब्यावर काढलेले आहेत, त्याच नव्या यंत्रात घालायच्या. उत्तरं तंतोतंत आली, तर मुग्धाची. कपाटात सगळ्यात वर सापडली ती आमचीच, माझी आणि अनिरुद्धची. वर्षही न झालेल्या लग्नाची. जुना निकाल : उत्तम.

नानांनी माझी जन्मवेळ टाकली, त्याची टाकली, बटण दाबलं. पानभर गणित वर सरकलं आणि शेवटची ओळ आली.

मध्यम.

 मी चहाचे कप हातात घेऊन उभी होते. आत जावं की बाहेर यावं ते समजेना. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मध्यम म्हणजे काही वाईट नसतं गं," त्या म्हणाल्या.

आणि माझा नवरा खुर्चीतून उठून टाळी वाजवत होता. "बग सापडला!"

मला माझं लग्न डळमळताना दिसत होतं आणि ज्याच्याशी झालं तो नाचत होता. पुढचे दोन दिवस तो जेवायलाही टेबलावरून उठला नाही. मग समजावून सांगितलं, की बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक. माझ्या जन्माच्या वेळी चंद्र दोन नक्षत्रांच्या अगदी सीमेवर होता. जुन्या कॉम्प्युटरची आकडे कापण्याची एक रीत होती. इम्युलेटर तीच रीत वठवताना अपूर्णांकाच्या पार शेपटाकडे किंचित चुकत होता. तेवढ्याने चंद्र शेजारच्या नक्षत्रात जाऊन बसला. मी दोन दिवस कुणाचं नक्षत्र घेऊन स्वयंपाक करत होते, देव जाणे.

त्याने दुरुस्ती लिहून ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांसमोर मांडली. ही माणसं एकमेकांची दुरुस्ती सहजासहजी घेत नाहीत. दुसऱ्या देशातला कुणीतरी ती वाचतो, दहा प्रश्न विचारतो, परत पाठवतो. अनिरुद्धचा जो तपासनीस आहे, तो म्हणजे टाके पुन्हा उसवायला लावणारी शिवणाच्या वर्गातली बाई. त्याने विचारलं, हा दोष प्रत्यक्षात कुठे आडवा येतो?

अनिरुद्धने लिहिलं, "माझ्या लग्नात."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "ठीक. मग तसं टिपणीत नमूद करा."

केलं. दुरुस्ती स्वीकारली गेली. आता जगात कुठेही कुणी ते सॉफ्टवेअर घेतलं, की त्यात माझा चंद्र जागच्या जागी असतो. आमचा निकाल पुन्हा उत्तम आला आणि सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. खरं तर चंद्राची काढायला हवी होती.

* * *

नंतरच्या सगळ्या पत्रिका बरोबर आल्या. नानांची खात्री पटत आली होती, आणि मुग्धाही गच्चीवरून खाली येऊ लागली होती. तेवढ्यात यंत्राने नानांना एक प्रश्न विचारला आणि त्यांनी तो न वाचता होकार दिला. वर्षानुवर्षं साठवलेल्या सगळ्या पत्रिका एका क्षणात पुसल्या गेल्या.

नाना खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांना पाणी द्यावं लागलं.

अनिरुद्ध आला आणि एक बटण दाबून पत्रिका परत घेऊन आला. रोज सकाळी तो आतल्या कॉम्प्युटरचं एक चित्र काढून ठेवतो, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. काही बिघडलं, की त्या चित्रावर परत जायचं. सकाळनंतरचं सगळं नाहीसं होतं.

"म्हणजे मी पुसल्या होत्या त्या परत आणल्यास?" नानांनी विचारलं.

"परत नाही आणल्या. आता त्या पुसल्याच गेल्या नाहीत."

"मी पुसल्या ना. या हातांनी."

"तुम्हाला आठवतंय, नाना. मशीनच्या दृष्टीने तसं काही झालंच नाही."

नानांनी बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "आणि माझ्या दृष्टीने?"

"तुमचा स्नॅपशॉट मी घेतला नव्हता," अनिरुद्ध म्हणाला, आणि मीटिंगला गेला.

तो सदा मीटिंगमध्ये, म्हणून रोज सकाळी ते चित्र काढण्याचं काम माझ्याकडे आलं. परत कसं जायचं, तेही त्याने मला दाखवून ठेवलं. संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तर नाना शेजारी येऊन बसले. चार काड्या निवडल्या. मग म्हणाले, "सूनबाई, ती मधली वेळ गेली कुठे?"

 मी आणखी एक जुडी सोडली.

* * *

तुळशीचं लग्न झालं आणि तात्यांचा निरोप आला, आम्ही येतोय. मुग्धाने जेवण सोडलं नाही, पण पानातलं काही संपेना.

ते येणार त्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखं चित्र काढून ठेवलं. नाना अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून टेबलाशी बसले. अनिरुद्ध आतल्या खोलीत दार लावून मोबाईलवर मीटिंगमध्ये, सासूबाई आणि मुग्धा स्वयंपाकघरात. नानांनी मुग्धाची जन्मवेळ टाकली, विशालची टाकली. मी त्यांचा चहा टेबलावर ठेवायला गेले तेव्हा पानभर गणित वर सरकत होतं.

शेवटची ओळ आली. नानांनी पाहिली. मी पण पाहिली. ती काय होती, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

नाना छापायचं बटण लगेच दाबतात. ते त्यांनी दाबलं नाही. आत मुग्धा आईला काहीतरी सांगत होती आणि मध्येच हसली. पुष्कळ दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. चहावर साय धरली.

"सूनबाई," नाना हळू आवाजात म्हणाले, "ते मागे जायचं कसं असतं?"

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून दाखवलं. सकाळनंतरचं सगळं जाईल, चालेल ना, असं पडद्यावर आलं. मी नानांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी प्रश्न सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला.

"हो म्हण," म्हणाले.

मी म्हटलं. निळा पडदा आला, रिकामा.

थोड्या वेळाने तात्या आणि त्यांच्या घरची मंडळी जीपमधून उतरली. विशाल मागे, शर्टाच्या बाहीला गवताची काडी. वाटेत कुणाची तरी गाय अडली होती, म्हणून उशीर झाला. बसणं झालं, पाणी झालं, भाताचं पीक यंदा कसं ते झालं. मग तात्या टोपी मांडीवर घेऊन सरसावून बसले.

"तर नाना, यंत्र काय म्हनतंय?"

मुग्धा दारात उभी होती. नानांनी लॅपटॉप तात्यांकडे वळवला.

"यंत्रात ही पत्रिका नाही. त्याने पाहिलेलीच नाही."

तात्यांनी रिकाम्या निळ्या पडद्याकडे पाहिलं. त्यांना त्यात काय दिसलं कोण जाणे. मग त्यांनी नानांकडे पाहिलं, तेही बराच वेळ.

"अन् तुमी?"

"मी मुलगा पाहिला," नाना म्हणाले.

 तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, सगळा प्यायले. बशी खाली ठेवली.

"मग साखरपुड्याचा दिवस काढा," म्हणाले.

"तो यंत्रावरच काढू," नाना म्हणाले. "त्याला तो नीट येतो."

सासूबाईंनी पेढ्यांचा डबा उघडला. त्याच वेळी अनिरुद्ध मीटिंग संपवून, गळ्यात हेडफोन घेऊन बाहेर आला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि सवयीने पडद्याकडे नजर टाकली.

"हे सकाळच्या जागेवर कसं गेलं? कुणी मागे नेलं का?"

नाना चष्मा पुसू लागले. तात्या अनिरुद्धकडे बघत होते. घरात मी कधी मध्ये बोलत नाही, पण तेव्हा बोलले.

"लाईट गेली होती," मी म्हणाले.

अनिरुद्धने फिरत्या पंख्याकडे पाहिलं. मग लॅपटॉपच्या भरलेल्या बॅटरीकडे. मग माझ्याकडे.

"हां," तो म्हणाला, "लाईट गेली की होतं असं," आणि त्याने एक पेढा उचलला.